दूध बिलाच्या रात्री

पासबुक छापायचं मशीन आमच्या शाखेत माझ्या खिडकीला लागूनच आहे. पुस्तक आत सरकवलं की ते थोडा वेळ घरघरतं, मग करकर करत ओळी उमटवायला लागतं. शेतकऱ्याच्या पासबुकाला फार वेळ लागत नाही. दूध बिल जमा, सोसायटीचा हप्ता, खताच्या दुकानाचा चेक, लाइट बिल, संपलं. २०२५च्या मे अखेरीस आप्पांनी पासबुक दिलं तेव्हा मात्र मशीन थांबायलाच तयार नव्हतं. पान भरलं, उलटलं, तेही भरलं. पुस्तक संपलं म्हणून नवं काढलं, तर त्याचीही पानं काळी व्हायला लागली. मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली. आप्पा काचेतून वाकून बघत होते. "ताई, मशीन बिघडलं का काय?" म्हणाले. (आप्पांना आणि त्यांच्या मुलाला विचारूनच हे लिहिते आहे. गाव आणि रकमेचा एकूण आकडा सांगणार नाही.)

मशीन चांगलं होतं. पाचशे, पाचशे, हजार, दोन हजार, पुन्हा पाचशे. मध्येच तीन हजार जमा, आणि त्याखाली लगेच हजार, हजार, हजार. पैसे गेले ते कुणी ट्रेडर्सना, कुणी एंटरप्रायझेसना, नाहीतर कधी न ऐकलेल्या आडनावांच्या माणसांना. खातं बापलेकांचं जॉइंट. डेअरीचं दूध बिल दर दहा दिवसांनी त्यात जमा व्हायचं आणि खात्याला जोडलेला फोन मुलाच्या खिशात. मी लहानपणापासून क्रिकेटवेडी, त्यामुळे नोंदींच्या तारखा मला ओळखीच्या वाटायला लागल्या. ज्या रविवारी आयपीएलचे दोन सामने, त्या रविवारी ओळी दुप्पट. दूध बिल जमा झालेल्या दिवशी तर विचारायलाच नको, त्या एका रात्रीचं अर्ध पान. म्हणजे पैसे सट्ट्यात जात होते.

पण माझी नजर अडली ती भलत्याच ठिकाणी. ८ मेला धरमशालेचा सामना मध्येच थांबवून मैदान रिकामं केलं होतं, आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सगळी स्पर्धाच स्थगित झाली आणि १७ तारखेपर्यंत एक चेंडू पडला नाही. त्या आठवड्यात आम्ही सगळे बातम्यांकडे डोळे लावून बसलो होतो, सीमेवर काय होतंय ते बघत. आप्पांच्या पासबुकात तो आठवडा शोधला. मला वाटलं होतं, तिथे तरी दोन-चार ओळींची मोकळी जागा दिसेल.

क्रिकेट बंद होतं आणि ओळी चालूच होत्या.

आप्पांना मी एवढंच म्हटलं, की पैसे फोनवरून गेलेत, मशीनचा दोष नाही; उद्या मुलाला माझ्याकडे पाठवा, आणि आज रात्री घरी काही बोलू नका. त्यांनी पासबुक पिशवीत घातलं, मग बाहेर काढून पुन्हा बघितलं. वाचता येत होतं त्यांना. पण त्यात एकही नाव गावातलं नव्हतं, त्यामुळे राग धरायचा तरी कुणावर हे त्यांना कळत नव्हतं.

संध्याकाळी घरी येताना मला थोरले मामा आठवत राहिले. ते लालबागला गिरणीत होते आणि मटका खेळायचे. दिवाळीला गावी आले की सदऱ्याच्या खिशात सिगारेटच्या पाकिटाचे फाडलेले तुकडे असायचे, त्यावर आकडे. आम्हा पोरांना ते सकाळी उठल्या उठल्या विचारायचे, "काल स्वप्नात काय दिसलं?" साप दिसला तर एक आकडा, पाणी दिसलं तर दुसरा. मी मुद्दाम हत्ती-घोडे सांगायची, कारण ऐकताना मामांचा चेहरा उजळायचा. मटक्याचं मूळ म्हणजे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव. ते भाव मुंबईला यायचे आणि त्यावर पैसे लागायचे. १९६१मध्ये ते बंद झालं, आणि मग कल्याणजी भगत नि रतन खत्री यांनी आकडे काढायची आपापली सोय केली. पत्त्यांतून तीन पानं, त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे ओपन. रात्री उशिरा तसाच क्लोज. मामींच्या पाटल्या त्यातच गेल्या. तरी मामा आले की घरात हशा असायचा, आणि आम्हा भाचरांना ते सगळ्यांत जास्त आवडायचे, हेही खरंच आहे. मामी एका बाजूला भाकऱ्या थापत गप्प बसायच्या, ते पुष्कळ उशिरा ध्यानात आलं.

मामांचा जुगार काही सोज्वळ होता असं मला म्हणायचं नाही. पण ओपन आणि क्लोज यांच्या मध्ये काही तास जायचे. त्या तासांत मामा जेवायचे, पाळीला जायचे, कुणाशी तरी भांडायचे. आकडा घेणारा त्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहायचा. उधारी फार झाली की तोच म्हणायचा, आधीचं दे, मग चिठ्ठी. आणि मामा किती हरले ते चाळीतल्या प्रत्येक बाईला नळावर कळायचं. ती बदनामी वाईटच, पण तिच्यामुळे मामींना निदान आकडा ठाऊक असायचा. कितीला बुडालो आहोत हे माहीत असलेली बाई काहीतरी हालचाल करू शकते. मामींनी पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायला सुरुवात केली, ती त्यातूनच.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. तेविशीचा, डिप्लोमा झालेला, एमआयडीसीत कंत्राटावर कामाला. दाढी कोरलेली, शर्ट इस्त्रीचा. त्याला बघून कुणी म्हणणार नाही. शाखा बंद व्हायच्या वेळेला मागच्या खोलीत बसलो. मला तो सगळा प्रकार समजून घ्यायचा होता आणि त्याला सांगायला आवडत होतं, हे मला जरा विचित्र वाटलं. "मॅडम, मॅचवर लावायला लई पेशन्स लागतो वो. आपुन सेशन खेळतो." सेशन म्हणजे पहिल्या सहा षटकांत किती धावा होणार यावर. बुकी भाव देतो सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. होतील म्हणणाऱ्याला अठ्ठेचाळीस किंवा जास्त पाहिजेत, होणार नाहीत म्हणणाऱ्याला सत्तेचाळीसच्या आत. मी विचारलं, आणि बरोबर सत्तेचाळीस झाल्या तर? तो हसला. "मग दोघांचंबी बुकीला."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. फट कुठे ठेवली आहे, तिथून पैसा कुणाकडे वाहतो, हे तो मला बोटाने काढून दाखवत होता. गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. तरुण पोरांना शहाणं करायला म्हणून जी व्याख्यानं होतात, कॉलेजात पोलीस निरीक्षक येऊन 'जुगार वाईट' सांगून जातात, त्यांचा उपयोग का होत नाही ते मला तिथे कळलं. पोराचा घात होतो तो वेगापायी. सहा षटकं म्हणजे अर्धा तास. त्यातही पुढच्या षटकावर, पुढच्या चेंडूवर लावता येतं. हरलेलं मनात रुजायच्या आत पुढचा डाव समोर. त्याला ते लोक 'रिकव्हरी' म्हणतात. "रिकव्हरी झाली की सोडणार हुतो, मॅडम." हे तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की क्षणभर मलाही वाटलं, एवढी एक रिकव्हरी होऊन जावी बिचाऱ्याची.

आणि तो आठवडा? स्पर्धा स्थगित होती तेव्हा कशावर लावत होतास? त्याने खांदे उडवले. कुठल्यातरी देशातली दहा षटकांची स्पर्धा. ज्या संघांतला एकही खेळाडू त्याला माहीत नव्हता. तेही नसेल तेव्हा त्याच आयडीवर तीन पत्ती, नाहीतर ते उडणारं विमान, जे कुठल्याही क्षणी गायब होतं. आयडी म्हणजे व्हॉट्सअॅपवरून कुणीतरी दिलेलं नाव आणि पासवर्ड. पैसे पाठवले की तितके पॉइंट चढतात. देणाऱ्याचा चेहरा त्याने कधी पाहिलेला नाही. सुरुवात मात्र उजेडातच झालेली. वसतिगृहात सगळेच फँटसी टीम लावायचे, म्हणजे खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून अॅपवर आपला संघ, एकोणपन्नास रुपयांत. ज्यांच्या जाहिराती आपले लाडके खेळाडू करत होते, ते. दुसऱ्याच महिन्यात त्याला अकरा हजार लागले. नव्या माणसाला सुरुवातीलाच मोठं घबाड लागणं हे या व्यसनातलं सगळ्यांत वाईट नशीब असतं, असं मानसोपचारवाले सांगतात. पोराने त्या पैशातून आईला मिक्सर आणला होता. घरात त्या मिक्सरचं कौतुक अजून चालू होतं.

मग मी मुद्द्यावर आले. एकूण किती? पाहुण्यांकडून, मित्रांकडून, अॅपवरच्या कर्जातून, सगळं धरून. तो म्हणाला वीस-पंचवीस. मी गप्प राहिले. मग म्हणाला, साठ असतील. त्याची मान खाली, आणि उजव्या हाताचा अंगठा नुसताच वर सरकत होता, फोन हातात नसतानाही. मी टेबलावरची पैसे काढायची स्लिप उलटी करून पेन पुढे केलं. त्याने आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि स्लिप पालथी घालून माझ्याकडे सरकवली. मी ती लगेच उलटली नाही. आधी विचारलं, जीव द्यायचं मनात येतं का रे? असं थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन कल्पना शिरत नाही. उलट विचारलेलं बरं असतं, हे मी मागे एका प्रशिक्षणात शिकले होते. तो म्हणाला, "एकदा आलतं. कॅनॉलवर जाऊन बसलो हुतो." १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर त्याच्यासमोरच फिरवला. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. मी बाहेर जाऊन उभी राहिले. बराच वेळ बोलत होता.

दारूला वास असतो. माणूस झिंगतो, दारात पडतो, बायको माहेरी जाते, गावाला कळतं. आणि आमच्याकडे त्यावर गावाने काढलेला एक उपायही आहे: माळ घालायची. माळकरी झाला म्हटलं की त्याला कुणी ग्लास पुढे करत नाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढपी विचारून वाढतो. सट्ट्याला यातलं काहीच नाही. गोधडीत, फोनचा उजेड कमी करून, आवाज बंद करून माणूस रातोरात कर्जबाजारी होतो आणि सकाळी आंघोळ करून कामावर जातो. डॉक्टरांच्या जगालाही हे उशिराच पटलं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी जुगार व्यसनांच्या प्रकरणात घातला तो २०१३ साली. आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की आजही बाटलीच डोळ्यांसमोर येते.

आप्पांनी दुसऱ्याच दिवशी म्हैस विकायची भाषा काढली. सगळं एकरकमी फेडतो, पोरगा देवीच्या पायावर हात ठेवून शपथ घेईल, विषय संपला. बापाचं काळीज आहे, मला त्यांच्याशी वाद घालणं जड गेलं. पण बँकेत इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट दिसते. कर्ज एका झटक्यात साफ झालेल्या खात्यावर पुन्हा कर्ज उभं राहायला मोकळी जमीन मिळते. मी म्हटलं, म्हैस राहू द्या. आधी क्रेडिट रिपोर्ट काढला, म्हणजे पोराच्या नावावरच्या कर्जांची नोंद. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, आणि त्यात पोराने न सांगितलेली दोन कर्जं निघाली. काही अॅपवाले त्याच्या मामा-मावशींना फोन करून घाण बोलत होते. खरं तर फोनमधली नावं-नंबर उचलायला रिझर्व्ह बँकेने २०२२मध्येच मनाई केली आहे, पण ती पाळणारे हे नव्हेत. नातेवाइकांना आम्हीच आधी सांगून टाकलं. धमकीतली हवाच गेली. पोरगा मात्र तो आठवडाभर घराबाहेर पडला नाही.

दूध बिल आता आप्पा आणि काकूंच्या खात्यात येतं. त्या खात्याला यूपीआय नाही, एटीएम कार्डही घेतलेलं नाही. मुलाचा पगार त्याच्या बहिणीच्या देखरेखीखाली. ती साताऱ्याला दिलेली आहे. यूपीआय सर्कल म्हणून एक सोय २०२४मध्ये आली, घरातल्या मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी. त्यातल्या एका प्रकारात एकाच्या फोनवरून केलेला प्रत्येक व्यवहार दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. पेट्रोलचे दोनशे भरायचे तरी पोराला साताऱ्याहून ताईची परवानगी येईपर्यंत पंपावर थांबावं लागतं. तेविशीच्या पोराला हे किती झोंबत असेल याची मला कल्पना आहे. पण ती दोन मिनिटंच तर हवी होती. मामांना ती ओपन-क्लोजच्या मध्ये मिळायची.

मग ऑगस्टमध्ये कायदा आला. दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजूर, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि हे मला फार शहाणपणाचं वाटलं. त्याच्या महिनाभर आधी आपल्या विधान परिषदेतला मोबाइलवरच्या रमीचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो असं तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचं म्हणणं, आणि खातं बदलून त्यांना मिळालं ते क्रीडा आणि युवक कल्याण. असो. २०२३च्या विश्वचषकात पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला फँटसी अॅपवर दीड कोटी लागले होते, तेव्हा खात्याने त्याला निलंबित केलं. आमच्या तालुक्यातल्या पोरांना त्यातले फक्त दीड कोटी लक्षात राहिले. आधी भारताच्या संघाच्या छातीवर फँटसी अॅपचं नाव असायचं; सप्टेंबरात आशिया चषकाला तो कुठल्याच कंपनीचं नाव नसलेला शर्ट घालून उतरला. मला ते बघून बरं वाटलं. पण आयडी देणारे आधीही चोरूनच धंदा करत होते, त्यांना शर्टाचं काय?

ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२३पासून 'बेटस्टॉप' नावाची सरकारी नोंद आहे. माणसाने स्वतःहून नाव घातलं की परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन बेटिंग कंपन्यांना त्याचं खातं बंद करावं लागतं, कमीत कमी तीन महिने, म्हटलं तर जन्मभर. ब्रिटनने एप्रिल २०२०मध्ये क्रेडिट कार्डाने जुगार खेळणं बंद केलं. उधारीवर खेळू नका, इतकी साधी गोष्ट. तिथे दुकानं कायदेशीर आहेत म्हणून त्यांना असं दटावता तरी येतं. आपल्याकडच्या पोराने 'मला घेऊ नका' असं सांगायचं कुणाला? चेहरा नसलेल्या त्या व्हॉट्सअॅप नंबराला? आप्पांच्या पोराने तो नंबर ब्लॉक केला, तर दुसऱ्या नंबरवरून दोनशे पॉइंट फुकट आले, 'वेलकम बॅक' म्हणून. म्हणजे बंदीनंतरही उरतं ते आपल्याच हातात: खातं, फोन, बहीण.

आशिया चषकाच्या एका भारत-पाकिस्तान सामन्याला तो घसरला. मित्राच्या फोनवरून लावले. सोमवारी शाखेत आला आणि मी काही विचारायच्या आत त्याने आकडा सांगितला, खोडाखोड न करता. याला सुधारणा म्हणायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आप्पांना वाटतं म्हणू नये. मला सगळ्यांत जास्त चुटपुट लागली ती त्याच्या दुसऱ्याच एका वाक्याची. म्हणाला, मॅडम, मॅच आता बघवत नाही, पैसे नसले की नुसतं पोरं पळताना दिसतात. मी त्याच्या वयाची असताना रेडिओ कानाला लावून कसोटी ऐकायची, तीही अनिर्णित सुटणारी, आणि पाच दिवस सुखाचे जायचे.

आता डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे टेनिस बॉलच्या नाइट स्पर्धा सुरू होतात. पुढाऱ्यांच्या नावाचे चषक, मोठे दिवे, यूट्यूबवर लाइव्ह. त्यांच्यावरही पैसे लागतात, हे मला पोरानेच सांगितलं. मी मंडळाच्या बैठकीला गेले आणि म्हटलं, मैदानावर एक फ्लेक्स लावा: पैसे लावून अडकला असाल तर १४४१६. एक जण म्हणाला, "ताई, स्पर्धेचं नाव खराब हुईल." दुसरा म्हणाला, बंद झालंय की आता सगळं, कायदा आलाय. तिसऱ्याने विचारलं, खर्च कोण करणार? मी करते म्हटल्यावर बाकीच्या शंका जरा मऊ झाल्या. तेवढ्यात बक्षिसं देणाऱ्यांपैकी एकाच्या पुतण्याचं नाव कुणीतरी हळूच घेतलं आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी फ्लेक्स लावायचा ठरलं. अडलंय ते आता जागेवर. त्यांना तो गाड्या लावतात तिकडे हवा आहे. मी धावफलकाशेजारची जागा मागितली आहे.